बत्तिसावी फेरी

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
वाडी नाक्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतंय
आणि मी लोकरीचे हातमोजे घालून
उणे वीस अंशांतून दगड बाहेर काढते आहे.

दगड इथला नाही. झांस्करकडून गोणपाटात आलाय.
तिकडे बोगदा व्हायचाय,
त्याच्या तोंडाशी हा दगड किती हिवाळे धरेल
ते कंत्राटदाराला लेखी हवंय.
कटरे हसतात :
"जिथं गोधडीले वर्षातून पंधरा दिवस काम,
थे गाव थंडीचा हिशोब लिहून रायलं."

बारा तास गोठवायचं, बारा तास पाण्यात.
मग फडक्यानं टिपायचं, वजन, रजिस्टर.
नमुना सात : सहाशे पंचावन्न ग्रॅम, दशांश दोन.
दहा फेऱ्या झाल्या, दशांशसुद्धा हलला नाही.
अठराव्या फेरीला ट्रेच्या तळाशी
चिमूटभर करडी वाळू.
कटऱ्यांनी ती पुडीत बांधली, तारीख घातली,
जावळ जपून ठेवावं तशी.

पाणी गोठताना शंभराचं एकशेनऊ होतं.
एवढंच. नऊ.
मी इतकी वर्षं समजत होते, गोठणं दगड फोडतं.
गोठणं फक्त फट रुंदावतं.
पाणी आणखी केसभर आत जातं
ते वितळताना,
जेव्हा सगळं सैल, सगळं बरं वाटत असतं तेव्हा.

कुंदाताई आणि मी सहा-सहा महिने बोलत नाही.
मग एखाद्या संध्याकाळी तिचा फोन येतो,
"काय केलंस गं जेवायला," एवढाच,
आणि मी तिला सगळं सांगून टाकते :
डॉक्टर काय म्हणाले, बँकेत किती उरलेत,
यांनी रात्री कुठला शब्द वापरला.
पुढच्या भांडणात
तोच शब्द तिच्या तोंडून येतो,
नऊ टक्क्यांनी मोठा होऊन.

काल वादळात फीडर गेला.
पहाटे चारला लाइन आली तोवर
नमुना सातच्या अंगावरचं दव ट्रेमध्ये साचलं होतं.
"ही फेरी धरू का नको, मॅडम?
अर्धी लिहू?"
नियमाचं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट आहे :
काम खंडलं तर नमुने गोठलेलेच ठेवावेत.
मी ते वाक्य दोनदा वाचलं.
कटरे थांबून होते, पेन उघडं.

किल्लीनं दगडावर टकटक केलं.
पहिल्या दिवशी ठण्ण वाजला होता,
आता बद्द,
चिरलेल्या माठासारखा.
डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही.
हातात घ्या, दगडच आहे.

पाकिटात... नाही, पर्सच्या तळाशी फोन थरथरला.
मी हातमोजे काढले नाहीत.

टाकीत पाणी सोडलं तर चाळीस अंश.
पुस्तक म्हणतं वीस.
तेव्हा कटरे कोपऱ्यावरच्या रसवंतीतून
घमेलंभर बर्फ घेऊन आले,
भुश्श्यासकट,
आणि आम्ही दोघं वाकून
दगड वितळावा म्हणून
पाण्यात बर्फ घालत बसलो.
फोन पुन्हा थरथरला.
"घ्या नं मॅडम," कटरे म्हणाले,
"मी पाहतो इकडं."