पाटी नसलेलं घर

लोविसात, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
डावीकडून चौथं.
पिवळं, लाकडी, एका अंगाला किंचित कललेलं,
जसं कमी ऐकू येणारं माणूस
समोरच्याच्या बोलण्याकडे कलतं.
पाटी नाही. दलालाचा हसरा फोटो नाही.
मला तेच हवं होतं.

यार्क्को म्हणाला, दुकानात नसलेल्या वस्तूचा
भाव विचारायचा नसतो.
त्याने फोनवर स्टेशनमागची तीन घरं दाखवली,
तिन्ही पांढरी,
तिन्हींच्या टेबलांवर तीच लिंबांची परडी.

मी पत्र लिहिलं.
आधी लांबलचक, मग ते फाडून अर्ध्या पानाचं:
मी इर्या केत्तुनेन. दातांच्या कवळ्या बनवते.
रोज सकाळी सातला तुमच्या कुंपणावरून जाते.
तुम्हाला कधी विकावंसं वाटलंच, तर.
'तर'पुढे काय लिहावं सुचेना.
पूर्णविराम दिला, पेटीत टाकलं,
आणि कुणाच्या ताटातला घास मागितल्यासारखी
मान खाली घालून पळाले.

सप्टेंबर गेला.
ऑक्टोबरात कुंपणापाशी सफरचंदांची बादली आली.
दरवर्षी येते, सगळ्यांसाठी. पुठ्ठ्यावर लिहिलेलं: घ्या.
मी चार घेतली.
हे उत्तर नव्हे, असं घरी पोचेपर्यंत मनाला बजावत राहिले.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी हाक आली.
आउलिस. ऐंशीच्या पुढचा, पायांत दोन वेगळे मोजे.
"तूच का ती, तर-वाली?"
म्हणाला, विकायचं नाहीये. कॉफी आहे. ये.

आणि मग त्याने मला सगळं दाखवलं,
विकणारा माणूस कपाट सरकवून झाकतो ते सगळं.
उत्तरेची भिंत, जिच्या आत मुंग्यांनी संसार थाटलाय.
तळघरातलं पाणी, एप्रिलमध्ये घोट्यापर्यंत.
ही पायरी दगा देते, सांभाळ.
इथे हेल्वी पडली. इथे नाही, इथे, या फळीवर.
सौनाची चिमणी तडकलीय, तरी आम्ही तापवतोच.
'आम्ही' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

बाजारात काढलेलं घर
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखं असतं,
विचारलं तेवढंच बोलतं.
हे घर आपल्या घरी होतं.
पाय पसरून, खोकत, जांभया देत.

"घेतलंस तर पहिलं काय करशील?"
भिंत म्हणायला हवं होतं. चिमणी म्हणायला हवं होतं.
माझ्या तोंडून निघालं, दार.
दार निळं करीन. गर्द नाही,
साय काढून घेतलेल्या दुधाला झाक असते तेवढंच.
तो बराच वेळ कपातल्या गाळाकडे बघत राहिला.
"हेल्वीला तपकिरी आवडायचा."
मग म्हणाला, अंधार पडतोय, जा.

जानेवारीपासून मी वाट बदलली.
यार्क्कोने लिंबांच्या परडीवाल्या एका घराची वेळ ठरवली.
गेले. नळ सोडून पाहिले. पाणी छान होतं.

मेमध्ये सायकल पंक्चर झाली,
म्हणून जुन्या गल्लीनं चालत आले.
डावीकडून चौथं. पिवळंच. कललेलंच. पाटी नाहीच.
आणि दार.

निळं. बिजागरीवर ओघळ आलेले,
खालची वीतभर पट्टी मात्र तपकिरीच;
तिथवर वाकणं जमलं नसणार.

कुंपणापाशी, सफरचंदांच्या जागी, रंगाचा डबा.
वर आडवा ठेवलेला ब्रश, केस अजून ओले.
पुठ्ठा तोच, गेल्या ऑक्टोबरातला: घ्या.

मी डबा उचलून हलवून पाहिला.
वीतभरापुरता होता.