तुक्स

चौथ्या दिवशीही तेच: पासवर्ड चुकीचा आहे.
बाहेर हापसालूची खाडी गोठलेली,
बर्फावरून कुणीतरी सायकल हाताने ढकलत चाललंय.
मी अकरा वर्षं ज्या समुद्रात जाळं टाकते
तो कधी गोठत नाही.
माझ्यापुरता तो नुसता बंद झालाय.

आधी कुणीतरी ईमेल बदलला, मग पासवर्ड,
मग माझी निळ्या शिडाची होडी विकली,
हे मला रात्री तीन वाजता कळलं,
मासळी वर येते त्या वेळेला.

नातू तावेत म्हणाला, आजी, पासवर्ड काय होता?
सांगितला.
तो जरा वेळ नुसता बघत राहिला.
गावाचं नाव आणि जन्मसाल.
कुलपालाच किल्ली टांगलेली होतीस की गं.

कंपनीचं उत्तर आलं, विनम्र,
म्हणजे फार लांबून आलेलं:
खातं तुमचंच आहे हे सिद्ध करा.
पहिल्या खरेदीची पावती. खातं उघडल्याचा महिना.
आणि तुम्हीच निवडलेला प्रश्न:
तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय?

मी कधी कुत्रा पाळला नाही.

सव्वीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते.
'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरून ओळखायचे,
ही बेकरीतली लेइदा, हा दातांचा डॉक्टर,
हा बायको झोपल्यावर फोन करणारा.
पुरावा एकालाही मागितला नाही.

तेव्हा खोटं लिहिलं असणार मी.
पण कुठलं खोटं?
खरं विसरलं तर चारजण आठवण करून देतात,
खोट्याला साक्षीदार नसतो.

पहाटे कॉफीची पूड मोजताना हात थांबला.
व्होर्म्सी बेटावरचा दीपगृहवाला
रोज रात्री दहाला हवामान कळवायचा,
वारा कुठला, लाटा किती, किती लांबचं दिसतंय,
आणि मागे एक कुत्रा भुंकायचा.
"तुक्स, गप्प!"
मग माझी माफी, मग पुन्हा वारा.
असं नऊ वर्षं.
ना माणूस पाहिला, ना कुत्रा.
एका नोव्हेंबरात मागचं भुंकणं थांबलं.
मी विचारलं नाही.
त्यानं वाऱ्याची दिशा त्या रात्री दोनदा सांगितली.

नाव टाइप केलं. दार उघडलं.

आत होडी नाही, सोनं नाही, जाळी नाहीत.
दीपगृह तेवढं उभं,
ते विकता येत नाही म्हणून.
चोरानं माझ्या नावानं सगळ्यांकडे उसनं मागितलेलं,
लाडिक बोलून, उद्गारचिन्हांची रांग लावून.
पोर्तोच्या ग्रासानं एवढंच लिहिलं होतं:
तू कोण? मायमू कुठे आहे?

तिला मी कधी पाहिलेलं नाही.
तिनं मला श्वासावरून ओळखलं.

बैल गेला, आता झोपा करायचा.
तावेतनं खुर्ची ओढली.
नवा पासवर्ड, ज्याला काही अर्थच नाही.
कुठून कुठून लॉगिन झालंय ते सगळं बंद.
दहा आपत्कालीन कोड, कागदावर, पेनानं,
बटणांच्या डब्यात, तळाशी.
आणि तो प्रश्न, आजी, तिथे काहीतरी अगम्य लिही,
खरी नावं शोधून काढतात लोक.
खरं नव्हतं रे ते, म्हणणार होते.
म्हटलं नाही.
वीस वेडीवाकडी अक्षरं लिहिली.
तुक्स, तू सुटलास.

आता आत जायचं तर आधी फोन थरथरतो.
सहा आकडे येतात,
तीस सेकंदांत शिळे होतात.
मी ते मोठ्यानं वाचते, आपोआप जुन्या आवाजात,
मान ताठ, हनुवटी किंचित खाली:
चार शून्य सात. एक एक नऊ.
जोडते आहे. लाइनवर थांबा.

कुणाशी बोलतेस, तावेत स्वयंपाकघरातून विचारतो.
उत्तर द्यायला वेळ नाही,
अकरा सेकंद उरलेत.