लिकुंगोकाठची मोजणी

तिसऱ्या रात्री शाळेत मोजणी झाली.
कंदील दोन, त्यातला एक माझा,
भट्टीवरून उसना नेलेला, काच तडकलेली.
फळ्यावर खडूच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी,
जुडीमागून जुडी.
पाढे शिकवायचा तोच फळा.

ढोल एकशे बारा. तितर सहाशे चाळीस.

गावाला आनंद आवरेना.
बायकांनी ठेवणीतले कापुलाने डोक्याला गुंडाळले,
आब्दालाच्या मोडक्या सायकलीवर तिघं बसली,
पोरं तितरासारखी ओरडत सुटली,
आणि खरा तितर कसा ओरडतो
ते सोळा वर्षांत कोणाला आठवतच नव्हतं.
रानात सुरुंग. रानात कोण जातंय?

नर्स दोना एर्मेलिंदानं दाराला आतून मेज लावलं.
मास्तर मुआलेया, ज्यांनी स्वतःच्या हातानं त्या रेघा ओढल्या,
खडूचे हात धुवायला विहिरीवर गेले
ते उजाडेस्तोवर परतले नाहीत.
त्यांच्या घरचे पाव मी कुंपणावरून दिले.
"ढोलवाल्यांना कशाला पोसतेस?" तोमे शिंपी म्हणाला.
म्हटलं, उधारी आहे. माणूस पळाला तर फेडणार कोण, तू?
हसला तो. त्या दिवशी सगळंच हसण्यावारी जात होतं.

मग नुसती वाट बघणं. राजधानीत अजून मोजत होते.
देश लांबलचक, पूल तुटलेले,
आकडे पायी चालत जात असावेत.
कुस्तोदियोच्या रेडिओतले सेल
रोज दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवायचे,
संध्याकाळपुरती त्यांना धुगधुगी यायची.
तितराची माणसं काजूच्या झाडाखाली बसत,
ढोलाची रस्त्यापलीकडे, ऐकू येईल एवढ्या अंतरावर,
ऐकत नसल्यासारखी.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी
सेल बसता बसता रेडिओतली बाई बोलली:
ढोल.

कोणी ओरडलं नाही.
तोमेनं गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात घातली,
आणि म्हणाला, "चोरी."
मग झाडाखाली तोच एक शब्द, या तोंडातून त्या तोंडात.
आमच्या फळ्यावर सहाशे चाळीस होते की नाही?
होते. मग?
लाकडी पायाचा नामुआली एकसारखा विचारत होता,
"म्हणजे आता परत रानात जायचं का?"
त्याला कोणी हो म्हणेना.
नाही असंही कोणी म्हणेना.

रस्त्यापलीकडची माणसं उठून घरी गेली,
एकेक करून, पाठीमागं न बघता.
रात्री एर्मेलिंदाच्या घरात कोणीतरी
पातेल्याच्या झाकणावर दोनदा थाप मारली,
तिसरी मारली नाही.

मी कोणाला सांगितलेलं नाही.
माझा बेनितो अकरा वर्षांचा होता.
डोक्यावर मिठाचं पोतं देऊन
त्याला नेलं ते तितराच्याच माणसांनी.
आणि पडद्याआड, त्या कागदावर,
मी बोट टेकलं ते तितरावरच.
वाटलं, जिंकले तर सरकार होतील.
सरकारकडे वह्या असतात, वह्यांत नावं असतात,
एखादी खिडकी असते, रांगेत उभं राहून विचारता येतं.
हरलेल्यांना काय विचारणार?
हरलेले म्हणतात, आम्ही कोणाला नेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कणीक मळत होते.
नखाच्या कडेला शाई अजून होती, काळपट,
जळल्यासारखी.
मास्तर मुआलेया आले, सगळ्यांच्या आधी, अंधारात.
महिन्याची उधारी फळीवर ठेवली, नोटा चुरगळलेल्या,
आणि खाली वाकून, हळूच,
बाकीच्या गावाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,
"त्या एकशे बारांतलं एक तुझं. ठाऊक आहे मला.
तुझ्या पोराचं जे झालं, त्यानंतर तू दुसरं काय करणार!
विसरणार नाही आम्ही."

मी पैसे मोजले.
दोनशे मेटिकाल कमी होते.
पुन्हा मोजले.
म्हटलं, पाव घ्या मास्तर, गरम आहेत.