मध्यम

सोहारच्या परीक्षा-मैदानात फॉर्मवर लिहिलं होतं,
वाहनाचा प्रकार: मध्यम.
हसूच आलं.
तीन भावांतला मी मधला.
थोरल्याला दुकान मिळालं, धाकट्याला लाड,
मला अण्णांचा टेम्पो
आणि त्याचा कायमचा सैल हॅण्डब्रेक.

इथं स्टिअरिंग डावीकडं, चालायचं उजवीकडून.
गिअर शोधायला गेलेला डावा हात
अजून दारावर जाऊन आपटतो.
सोळा वर्षांची खोड,
एका विमानात कशी सुटेल.

पहिल्यांदा नापास झालो पिंपांत.
रिव्हर्स घेताना मागचं एक पिंप हललं.
पडलं नाही हो, नुसतं हललं.
खमीस साहेबानं कागदावर फुली मारली,
वर बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा नापास झालो जागच्या जागी.
चढलो, पट्टा लावला, आरसे बसवले,
चावी फिरवली.
साहेब म्हणाला, उतर.
गाडीभोवती फेरी कोण मारणार?
सप्तपदीची सात पावलं बिनचूक टाकलेला मी,
एका फेरीत हुकलो.

खोलीत दिलावर होडेकर, म्हसळ्याचा,
वीस वर्षं पाण्याचा टँकर चालवणारा.
शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यानं
अर्धी भरलेली बाटली ताटात आडवी ठेवली.
ताट ओढलं, थांबवलं.
पाणी दोन ठोके उशिरा आलं
आणि बुचावर आदळलं. ताट सरकलं.
"उथळ पाण्याला काय असतो?"
खळखळाट फार, मी म्हटलं, चौथीतल्या पोरासारखं.
"फळ्यावर वाचलंस. आता टाकीत बघ.
भरलेली टाकी शहाणी, रिकामी टाकी गरीब,
अर्धी असते ती माणूस मारते.
ब्रेक गाडी ऐकते. पाणी ऐकत नाही.
ते मागून येतं आणि तुला चौकात ढकलतं."
मग बाही वर करून कोपर दाखवलं,
वादी जिझ्झीच्या उतारापासून सरळ न होणारं.
बाकी काही बोलला नाही. ताट धुवायला गेला.

त्या रात्री झोप नाही.
एजंटचे अर्धे राहिलेले पैसे,
घराची छातीएवढी आलेली भिंत,
हेमलताशी फोनवर अर्ध्यात तुटलेलं भांडण,
कूस बदलली की सगळं या कडेहून त्या कडेला.

तिसरी वेळ. जून. दुपारचे साडेअकरा.
फेरी मारली.
टायरला तळहाताची मागची बाजू लावली,
दिवे बघितले, दोऱ्यांचा ताण बघितला,
अग्निशामकाचा काटा हिरव्यात,
त्रिकोण जागेवर.
मग वाकलो.
मागच्या दोन चाकांमध्ये, हातभर सावलीत,
नारिंगी जाकीट घातलेला झाडूवाला
तोंडावर टोपी ठेवून गाढ झोपलेला.
बुटाच्या तळव्यावर हळूच थाप मारली.
दादा, ऊठ.
तो दचकला, सरपटत बाहेर आला,
"भूल हयेछे, दादा," म्हणाला.
त्याच्या भाषेतही दादाच.

साहेबानं त्याला मुद्दाम झोपवला होता का,
मी विचारलं नाही.
मला वाटतं, नव्हता.
कारण साहेब पेनाचं टोपण काढून
तसाच उभा राहिला बराच वेळ,
आणि मग म्हणाला, आता फिरव चावी.

परवान्यावरच्या फोटोत मी घाबरलेला दिसतो.
असू दे. तोच फोटो खरा आहे.
पहाटे टाकी काठोकाठ भरून निघतो.
पहिल्या खजुराच्या बागेत पाणी उतरवलं
की उरलेला रस्ता अर्ध्या टाकीचा.
त्याला इलाज नाही.
तेव्हा चाळीसवर येतो.
मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.
चौक दिसायच्या आधीच
पाय उचलतो,
पाण्याला कळायला वेळ देतो
की आपण थांबतोय.