नऊ मतं

अग्निशमन केंद्राचा लाल बंब
आज दिवसभर बाहेर, गारठ्यात.
त्याच्या जागी आम्ही. तीन टेबलं, एक यंत्र,
कॉफीचा थर्मास, दोऱ्याला बांधलेली पेनं.
चाळीस वर्षं या गावची पत्रं वाटली मी,
उघडलं एकही नाही.
म्हणूनच बहुतेक हे काम मला देतात.

ब्रिन हाल्वोरसन आली दुपारी तीनला,
रात्रपाळीची झोप अजून पापण्यांवर,
अंगात पेट्रोलपंपाचं जॅकेट,
खिशावर दुसऱ्याच कुणाचं नाव.
मागे तिचा बाप, गॉर्डी.
कागदाची गिरणी बंद पडली तेव्हापासून
हा माणूस कुठेही उभा राहिला
तरी भोंगा वाजायची वाट बघतो.

रांगेत दोघांचं हळू आवाजात चाललेलं.
"दगडापेक्षा वीट मऊ, पोरी."
"असेल मऊ.
पण दोन्ही माझ्याच डोक्यात पडणार
तर कशानं फुटायचं, एवढंच निवडू का?"
इथे प्रचार करू नये असा नियम आहे.
मी यादीत त्यांची नावं शोधत राहिले,
हवी त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

ती लॉरेटा क्विग, शाळेची बस चालवायची म्हणे,
सप्टेंबरात बोलिंगच्या हॉलमध्ये येऊन गेली.
खुर्च्या साठ, माणसं चौदा,
त्यातले दोघे नुसतेच खेळायला आलेले.
भाषण केलं नाही तिनं.
एकेकाला विचारलं,
महिनाअखेरीला तुमच्या घरात काय थांबतं?
केंग लोर म्हणाला, आईचं इन्सुलिन.
ब्रिन म्हणाली, मी.
मीच थांबते.
मागे कुणाच्या तरी पिना कोसळल्या धडाधड
आणि कुणीच वळून पाहिलं नाही.
मी तिथे नव्हते.
पण टपाल कचेरीला कुलूप लागलं
तरी गावातलं पोचायचं ते पोचतंच माझ्याकडे.

ब्रिनला वेळ लागला नाही.
यंत्रानं कागद गिळला, आकडा झाला चारशे बारा.
चिकटपट्टी मागून घेतली तिनं
आणि खिशावरच्या त्या परक्या नावावर
दाबून बसवली.

गॉर्डी मात्र आडोशाआड उभाच.
मग बाहेर आला, कागद घडी करून,
"चुकलं. दुसरा द्या."
असं होतं. नियमात बसतं.
पहिला कागद मी न बघता पाकिटात घातला,
वर 'रद्द' लिहिलं, सही केली.
दुसऱ्या वेळी तो पटकन आला.

दारात त्यानं तिला विचारलं,
"घातलंस ना वाया?"
"माझं होतं," ती म्हणाली.
बस. एवढंच.
तुझं तू काय केलंस, हे काही विचारलं नाही तिनं.

आठ वाजता यंत्रातून पट्टी निघाली,
किराण्याच्या बिलासारखी, हातभर.
एकाला तीनशे अठ्ठ्याऐंशी, एकाला तीनशे एकसष्ट,
आणि तळाशी
नऊ.
मागच्या खेपेला तिथे दोन होते.
नऊ मतांनी काय होतं? काही होत नाही.
तीनशे अठ्ठ्याऐंशींत माझंही एक आहे,
सकाळी हात आपला आपण गेला तिथे,
जसा वर्षानुवर्षं एखाद्या खणाकडे जायचा
ज्या घरात आता कुणी राहत नाही.

मोजायचं नाही ठरवून मोजलंच मी.
ब्रिन. केंग. पा न्या, त्याची बहीण.
गोठ्यावरचे दोघे भाऊ.
सकाळी नाव नोंदवून गेलेली हिरव्या केसांची मुलगी.
नवा शिकाऊ मास्तर.
नर्सिंगची ती मुलगी, बूट हातात घेऊन आलेली.

आठ.

रद्द कागदाचं पाकीट टेबलावरच होतं.
त्याला डिंक लावला,
अंगठ्यानं कड दाबली, दोनदा.
बंब आत घ्यायला पोरं खोळंबली होती.