लारसे

"लारसे म्हणजे कोण हो तुम्ही?"
नागपुरात आडनाव सांगितलं की
समोरचा जरा थांबतो,
अजून काही येईल म्हणून.
मी म्हणायचो, भंडाऱ्याकडचे.
भंडाऱ्याला कोणी विचारलं तर, छिंदवाड्याकडचे.
एकोणतीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये काढली,
लोकांच्या बांधांची भांडणं साखळीनं मोजली,
आणि आपल्या मूळ गावाचा रकाना
कायम कोरा.

आजोबांच्या दाखल्यावर
मास्तरनं शेवटचा 'न' खाल्ला.
लांजे, धोटे, भुरे, लारसे.
हजेरीत बसून गेलं नाव
सतरंजीवर बसावं तसं.
त्याआधी ते लार्सन होतं.
ऑगस्ट लार्सन, फिटर, मोतीबाग वर्कशॉप,
राहणार खलाशी लाईन.
घारे डोळे तेवढे आत्यापर्यंत पोचले,
बाकी सगळं वाटेत सांडलं.

रिटायर झाल्यावर हात शिवशिवायचे.
जेवणं झाली की कूलरच्या घरघरीत
स्वीडनच्या एका चर्चची वही
कॉम्प्युटरवर उघडून बसायचो.
बायको म्हणायची, "काय वाचून राहिले एवढं? परीक्षा आहे का?"
परीक्षाच होती, त्यांची.
पाद्री घरोघर जायचा.
कोणाला वाचता येतं, किती येतं,
कोणाला देवी येऊन गेल्या,
कोण कुठल्या गावी निघून गेलं,
एका माणसाला एक ओळ.
अक्षर आमच्या पटवाऱ्यापेक्षा बरं.

लार्सन म्हणजे लार्सचा पोरगा. इतकंच.
लार्स स्वतः पेटरसन, कारण बाप पेटर.
पेटर आन्डरसन.
म्हणजे चार पिढ्या आम्ही
आडनाव म्हणून जे मिरवलं
ते कोणाच्या तरी बापाला हाक मारायचं नाव,
माझ्या नावात मधे येशुदास आहे तसं.

गाव सापडलं, ग्रेनहुल्ट. वाडी, स्टेनतोर्प.
लार्सपुढे वहीत एक शब्द: तोर्पारे.
तीन रात्री झटलो त्याच्याशी.
झोपडी आपण बांधायची, जमीन मालकाची,
भाडं म्हणून आठवड्याचे तीन दिवस
मालकाच्या शेतात राबायचं.
मी चष्मा काढून ठेवला.
हा शब्द तर मी रोज लिहीत होतो ऑफिसात.
कूळ.
कूळ शोधायला निघालो
आणि कूळच निघालं.
बायकोला उठवून सांगितलं.
ती म्हणाली, "बरं मग. झोपा आता."

वरून काढलेल्या फोटोत तिथे नुसती झाडं,
कोणीतरी सरळ रांगेत लावलेली,
आणि एक चौकोनी सावली.
तळघराची असेल,
नाहीतर फक्त सावली.

मग गुनवोरचं पत्र आलं,
लार्सच्या थोरल्या मुलीची पणती.
ऑगस्टचं घर आहे का अजून?
त्याचं एकच कार्ड पोचलं होतं आमच्याकडे,
त्यात दारापुढे संत्र्याचं झाड लिहिलंय.

जुनी शीट घेतली, टेप घेतला, भाचा घेतला.
मे महिना, सकाळी आठलाच डांबर मऊ.
चर्चच्या कोपऱ्यापासून एकशे बारा फूट,
मग उजवीकडे.
तिथे वसीमचं बॅटरीचं दुकान.
"काय मोजून राहिले काका? रोड रुंद होते का?"
"नाही बे. नातेवाईक राहत होते."
त्यानं स्टूल पुढे केलं, कॅनमधलं गार पाणी दिलं.
म्हणाला, मागे एक विहीर होती म्हणे,
अब्बांनी बुजवली.
झाडाचं कोणालाच काही माहीत नाही.

रात्री गुनवोरला उतारा लिहिला,
सवयीनं रकाने पाडून.
मौजा नागपूर, मोहल्ला खलाशी लाईन.
भोगवटादार, वसीम बॅटरी.
पीक, निरंक.
इतर हक्क,
इथे पेन थांबलं.
याच रकान्यात मी आयुष्यभर
सोसायटीचा बोजा लिहिला, विहिरीतला हिस्सा,
बहिणींची नावं, आणि ती कमी केल्याची नोंद.
बराच वेळ बसून राहिलो.
मग लिहिलं:
जाण्यायेण्याची वाट.
पूर्वापार.