वळणावरची मोजणी

मळ्यातली आमची गल्ली
नऊ पावलं सरळ जाते, मग अडखळते;
कुणा मिनेझिसाच्या आज्यानं
विहीर बुजवू दिली नाही म्हणून.

तिथं स्कूटरवाला पाय टेकतो.
पाय टेकला की बोलावंच लागतं:
"जेवलास?"
"बांगडे कसे दिले?"
"पोरीचा निकाल?"

क्लेमेंतीनाच्या बल्कांवाची पायरी
दोन विती रस्त्यात आलेली.
नकाशात तिला अतिक्रमण म्हणतात.
ठाऊक आहे मला,
नकाशा मीच काढलाय.

कचेरी खाडीपलीकडे, पाटोला.
तिथला रस्ता पट्टीनं आखलेला,
दोन्हीकडे काचा,
सहाला गाड्या निघून गेल्या
की उरतो वॉचमन सगुण गांवस
आणि त्याच्या खुर्चीखालचं मांजर.
परवा म्हणाला,
"सायबा, इथं कोणी वाट चुकत नाही.
म्हणून कोणी विचारायलाही थांबत नाही."

काल रुंदीकरणाची मोजणी.
फितीचं टोक धरायला क्लेमेंतीनाचा नातू आला.
त्यानं ते पायरीच्या कडेला लावलं,
भिंतीला नाही.
मी बघितलं. काही बोललो नाही.
चार मीटर दहा.
पायरी धरून की सोडून,
हे लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

"उभा का? बैस," क्लेमेंतीना म्हणाली.
बसलो,
अतिक्रमणावर.
मागून हॉर्न वाजला,
मग गप्प झाला.
कुणीतरी पाय टेकला होता.
"काय रे, मोजतोस काय?"